पलटे (अलंकार)

ठरावीक क्रमाने चढणाऱ्या-उतरणाऱ्या स्वरसमूहांची मालिका म्हणजे अलंकार. क्लासातला शब्द पलटा. हिंदुस्थानी संगीतात पहिले पलटे बिलावल थाटात (थाट म्हणजे सात स्वरांचा मूळ संच), सातही शुद्ध स्वरांत घेतात. कर्नाटक पद्धतीत सुरुवात मायामालवगौळ रागाने होते. त्यात रे-ध कोमल (शुद्धापेक्षा खालचे), म्हणजे आपला भैरव थाट. सोलापुरात पूर्व भागातल्या तेलुगू घरातले मूल दोन्हीकडे शिकू लागले, तर आधी त्याचा रे डळमळतो. एकीकडे रे शुद्ध, दुसरीकडे कोमल; दोष गळ्याचा नसतो.

सा प्रत्येकाचा वेगळा: पुरुषांचा बहुधा पांढरी एक ते काळी दोन, स्त्रियांचा काळी चार-पाच (पेटीच्या पट्ट्यांचे क्रमांक). सगळ्या वर्गाला एकाच पट्टीत गायला लावले की कुणाचा तार (वरचा) सा ओरडा होतो, कुणाचा खर्ज (खालचे स्वर) बसतो.

तालाचा हिशेब आधी करावा. 'सारेग, रेगम, गमप' हा तीन स्वरांचा पलटा सहा मात्रांच्या दादऱ्यात सहज बसतो: आरोह १८ मात्रा, अवरोह १८, एकूण सहा आवर्तने (तालाची पूर्ण चक्रे). 'सारेगम, रेगमप' मात्र सोळा मात्रांच्या तीनतालात फसवतो. आरोह-अवरोह मिळून ४० मात्रा होतात, म्हणजे अडीच आवर्तने. दुसरी फेरी नवव्या मात्रेवर, 'खाली'वर (टाळी न देता मोजायच्या जागी) सुरू होते. ती सम (आवर्तनाची पहिली मात्रा) समजून पुढे गेलेला विद्यार्थी 'तबला चुकला' म्हणतो. दोन फेऱ्या पूर्ण केल्या की पाच आवर्तनांनी सम येते. तबलाही मधूनमधून तपासावा: सोलापूरच्या कोरड्या मे महिन्यात पुडी (तबल्याचे कातडे) ताणली जाऊन स्वर चढतो, पावसाळ्यात उतरतो.

पेटीवर सतत विसंबणे ही सर्वांत चिवट खोड. बाराही स्वर समान अंतराने लावलेल्या पेटीचा शुद्ध गंधार (ग) तानपुऱ्यात ऐकू येणाऱ्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट चढा असतो (सप्तकाचे १२०० सेंट). म्हणून रोज निदान एक पलटा पेटी मिटून, नुसत्या तानपुऱ्यावर म्हणावा.

पलटा पाठ झाला म्हणजे राग आला असे नव्हे. 'सारेग, रेगप, गपध, पधसां' भूप रागालाही चालतो, देसकार रागालाही. स्वर तेच पाच. भूपाचा वादी (मुख्य स्वर) ग, देसकाराचा ध. भूपात प वरून मींडेने (स्वर न तोडता सरकत) उतरून ग वर विसावायचे. देसकारात वर, ध शी रेंगाळायचे. पेटीच्या सुट्या पट्ट्यांतून ही मींड निघतच नाही, ती गळ्यानेच काढावी लागते.