तुमचं इंग्रजी आज कुठे आहे?
नव्या विद्यार्थ्यांसाठी आणि पालकांसाठी माहितीपत्रक

आमच्या इंग्रजीच्या वर्गात चौकशीला येणारा जवळजवळ प्रत्येक जण पहिलं वाक्य हेच म्हणतो : "मॅडम, समजतं सगळं, पण बोलता येत नाही." दुसरं वाक्यही ठरलेलं : "ग्रामर कच्चं आहे, अगदी पहिल्यापासून शिकवा."

पहिलं वाक्य खरं असतं. दुसऱ्यावर मात्र आम्ही लगेच हो म्हणत नाही. पहिल्यापासून म्हणजे नाम, सर्वनाम, क्रियापद, मग बारा काळांचा तक्ता. हे तुम्ही शाळेत एकदा केलेलं आहे. मराठी शाळांत २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून आलं, त्याआधी ते पाचवीपासून होतं. म्हणजे आज चाळिशीत असलेल्या माणसानेही निदान सहा वर्षं हा तक्ता पाहिलेला आहे. तोच पुन्हा घोकून जे तेव्हा झालं नाही ते आता होणार नाही. आधी तुम्ही कोणत्या पायरीवर उभे आहात ते पाहायचं आणि तिथूनच पुढे न्यायचं, ही आमची पद्धत. सुरुवातीची दोन वर्षं आम्हीही सगळ्यांना एकाच बॅचमध्ये बसवत होतो. काही जण कंटाळून गेले, काही घाबरून गेले. म्हणून ते बंद केलं.

या पत्रकात इंग्रजी वाक्यं मुद्दाम देवनागरीत छापली आहेत. स्पेलिंगकडे न पाहता ती आधी मोठ्याने वाचावीत, म्हणून.

एका वाक्याची परीक्षा

पहिल्या दिवशी आम्ही पेपर देत नाही. गप्पा मारतो आणि मध्येच एक मराठी वाक्य इंग्रजीत सांगायला लावतो : "मी दहा वर्षांपासून या गावात राहतो."

कुणी म्हणतं, "आय लिव्ह धिस व्हिलेज टेन इयर." यात चुका आहेत, पण ऐकणाऱ्याला अर्थ कळला. ही सुरुवातीची पायरी आहे आणि त्यात लाजण्यासारखं काहीही नाही.

सगळ्यांत जास्त ऐकू येणारं उत्तर असं : "आय ॲम लिव्हिंग इन धिस व्हिलेज सिन्स टेन इयर्स." हे बोलणारा माणूस कच्चा नसतो. त्याने मराठी वाक्य इमानदारीने, शब्दाला शब्द ठेवून इंग्रजीत नेलेलं असतं. मराठीत राहणं अजून चालू आहे, म्हणून "राहतो" हा वर्तमानकाळ. इंग्रजीला तेवढं पुरत नाही. गोष्ट मागे कधीतरी सुरू झाली आणि आजपर्यंत आली, हे तिथे क्रियापदातच दाखवावं लागतं : "आय हॅव बीन लिव्हिंग." आणि आपल्या "पासून"ला इंग्रजीत दोन शब्द आहेत. "सिन्स"ला सुरुवातीचा क्षण लागतो : सिन्स मंडे, सिन्स २०१५. "फॉर"ला काळाची लांबी लागते : फॉर टेन इयर्स.

हे लक्षात ठेवायची खूण मराठीतच आहे. "पासून"च्या जागी "गेली" घालून पाहा. "गेली दहा वर्षं मी इथे राहतो" हे जमतं, म्हणून "फॉर". "गेली सोमवार" जमत नाही, म्हणून "सिन्स". आमच्याकडे पन्नाशीच्या एका काकूंना ही खूण सांगितली तेव्हा त्या म्हणाल्या, "एवढंच होतं होय!" तीस वर्षं त्या या दोन शब्दांना घाबरून होत्या.

जाता जाता : आपलं "गाव" म्हणजे दर वेळी "व्हिलेज" नव्हे. सांगलीचा माणूस सांगलीलाही "आमचं गाव" म्हणतो. इंग्रजीत तिथे "टाउन" किंवा "सिटी". म्हणून पूर्ण वाक्य असं : "आय हॅव बीन लिव्हिंग इन धिस टाउन फॉर टेन इयर्स."

पायऱ्या आणि लागणारा वेळ

पायऱ्या आमच्या मनाच्या नाहीत. कौन्सिल ऑफ युरोप या युरोपातल्या देशांच्या संघटनेने २००१ साली भाषा शिकण्याची एक चौकट प्रसिद्ध केली. तिच्यात सहा पायऱ्या आहेत, खालून वर : ए१, ए२, बी१, बी२, सी१, सी२. "अमुक काळ पाठ आहे का" असं ती विचारत नाही. "तुम्ही भाषेत काय करू शकता" असं विचारते. स्वतःची ओळख करून देता येते का, प्रवासात अडचण आली तर निभावता येते का, आपलं मत कारणांसह मांडता येतं का. परदेशी शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी देतात त्या आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेतले साडेपाच ते साडेसहा बँड (म्हणजे गुण) साधारण बी२ला आणि सात-आठ बँड सी१ला धरतात.

वेळेबद्दल स्पष्ट बोलतो, कारण इथेच लोकांची फसगत होते. परीक्षा घेणाऱ्या केम्ब्रिजच्या संस्थेचा अंदाज असा : शून्यापासून ए२पर्यंत शिक्षकाबरोबरचे १८० ते २०० तास, बी१पर्यंत ३५० ते ४००, बी२पर्यंत ५०० ते ६००. म्हणजे ए२वरून बी१वर जायला दीडशे ते दोनशे तास. आमचा वर्ग आठवड्याला सहा तास असतो. त्या हिशेबाने एका पायरीला सहा ते आठ महिने लागतात. घरी रोज वाचन आणि बोलणं केलंत तर थोडे कमी. "तीस दिवसांत फाडफाड इंग्रजी" असं आम्ही कधीच छापणार नाही. तीस दिवसांत भीती जाऊ शकते, आणि ती जाणं मोठीच गोष्ट आहे. पण पायरी चढायला वेळ द्यावाच लागतो.

ए१-ए२च्या बॅचमध्ये व्याकरण थोडं आणि तोंडी असतं. प्रश्न विचारणं हा तिथला मोठा डोंगर. मराठीत वाक्याला "का" जोडला की प्रश्न झाला : "तू काल गेलास का?" इंग्रजीत भूतकाळ "डिड"मध्ये सरकतो आणि क्रियापद मूळ रूपात परत येतं : "डिड यू गो यस्टर्डे?" "डिड यू वेन्ट" म्हटलं की भूतकाळ दोनदा लागला. भूतकाळाच्या शेवटच्या उच्चाराकडेही आम्ही इथेच लक्ष देतो : "वॉक्ट", "प्लेड", "वॉन्टिड". शेवटचं स्पेलिंग "ईडी" एकच असलं तरी आवाज तीन, आणि देवनागरीत ते स्वच्छ दिसतात.

बी१ला खरी गाठ पडते ती "अ" आणि "द" यांच्याशी. मराठीत असे शब्द नाहीत, म्हणून आपण ते एक तर गाळतो, नाही तर सगळीकडे पेरतो. पण मराठीत ही सोयच नाही असं मानू नका. गोष्ट सांगताना आपण म्हणतो, "दुकानात एक माणूस आला. त्या माणसाने छत्री मागितली." पहिल्यांदा आला तेव्हा "एक माणूस", ओळख झाल्यावर "तो माणूस". इंग्रजीत पहिल्याला "अ मॅन", दुसऱ्याला "द मॅन". सगळे नियम यात बसत नाहीत, पण निम्मी भीती इथे संपते. "अ" की "ॲन" हे मात्र अक्षरावर नाही, कानावर ठरतं : "ॲन अवर", पण "अ युनिव्हर्सिटी".

शैली म्हणजे अवघड शब्द नव्हेत

बी२च्या पुढे चुका कमी होतात आणि वेगळाच प्रश्न येतो : वाक्य बरोबर आहे, पण इथे शोभतं का?

एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये काम करणारे विद्यार्थी पुरवठादाराला लिहीत असत, "आय वॉन्ट मटेरियल टुमॉरो मॉर्निंग." समोरचा नाराज व्हायचा आणि यांना कारण कळायचं नाही. आम्ही त्यांना तेच मराठीत म्हणायला सांगितलं. ते सहज म्हणाले, "उद्या सकाळपर्यंत माल पाठवाल का?" हा "पाठवाल का"मधला मान इंग्रजीत न्यायचा होता. आपल्याकडे तू, तुम्ही, आपण असे तीन दरवाजे आहेत. इंग्रजीत "यू" एकच, म्हणून आदर "कुड" आणि "वुड"मधून दाखवावा लागतो : "कुड यू सेंड द मटेरियल बाय टुमॉरो मॉर्निंग?" मान द्यायची समज त्यांच्यात होतीच. फक्त इंग्रजीत ती कुठे ठेवायची हे कुणी सांगितलं नव्हतं.

दुसरी गोष्ट आपल्या "च"ची. "कालच आलो" याचं "आय केम यस्टर्डे ओन्ली" होतं. "च" ही मराठीची लाडकी चीज, तिला "ओन्ली"त कोंबू नका. "आय जस्ट केम यस्टर्डे" म्हणा, किंवा "यस्टर्डे"वर नुसता जोर द्या.

आणि पत्रं. "आपणांस कळविण्यात येते की" या सरकारी मराठीची सावली आपल्या इंग्रजीवर पडते, तिला "काइंडली डू द नीडफुल" (कृपया आवश्यक ते करावे) येऊन मिळतं. भारतातल्या कचेऱ्यांत हे चालतं, कुणी हसत नाही. पण परदेशी ग्राहकाला नेमकं काय करायचं ते त्यातून कळत नाही. हवी ती कृती साध्या क्रियापदात सांगा : "प्लीज साइन पेज थ्री अँड सेंड इट बॅक बाय फ्रायडे." सी१च्या विद्यार्थ्यांकडून आम्ही स्वतःची जुनी पत्रं निम्म्या शब्दांत लिहून घेतो. त्या पायरीवर यापेक्षा उपयोगी अभ्यास आम्हाला माहीत नाही.

पालकांसाठी थोडंसं

मूल इंग्रजीत बोलत असताना मध्येच चूक दुरुस्त करू नका. वाक्य पूर्ण होऊ द्या, मग तेच वाक्य बरोबर करून उत्तरात वापरा. मूल "गो"ला भूतकाळाचा "ड" लावून म्हणालं, "आय गोड टू ग्राउंड", तर तुम्ही म्हणा, "ओह, यू वेन्ट टू द ग्राउंड?" त्याने नियम पकडला आहे, फक्त जास्त ठिकाणी लावला. घरातलं मराठी बंद करण्याचीही गरज नाही. ज्या मुलांना मराठीत गोष्ट नीट सांगता येते, त्यांना इंग्रजीत गोष्ट शिकवणं आम्हाला सोपं जातं.

पहिल्या दिवशी येताना

गप्पांना पाऊण तास लागतो, त्याचे पैसे घेत नाही. एका बॅचमध्ये आठच जण असतात. कामाच्या निमित्ताने लिहिलेलं एखादं इंग्रजी पत्र किंवा मेसेज असेल तर जसाच्या तसा आणा, सुधारून आणू नका. विद्यार्थ्यांनी शाळेची निबंधाची वही आणावी. पायरी ठरल्यावर बॅचची वेळ आणि फी त्याच दिवशी लिहून देऊ. पहिल्या दोन आठवड्यांत बॅच जड किंवा हलकी वाटली तर सांगा, बदलून देऊ. त्यासाठी वेगळी फी नाही.