तारांच्या चाकाचं पंक्चर आतून होतं

मागच्या उन्हाळ्यात नाशिकमधल्या द्वारकेजवळच्या एका टायरवाल्याने पाण्याच्या टबातून ट्यूब बाहेर काढली आणि माझ्यासमोर धरली. तीन ठिगळं, तिन्ही एकाच अंगाला. टायरला टेकणाऱ्या पाठीवर ओरखडासुद्धा नाही, सगळी भोकं रिमकडच्या पोटाशी. "साहेब, हे काट्याचं काम नाही," तो म्हणाला. एवढं बरोबर ओळखूनही त्याने चौथं ठिगळ लावलं, हवा भरली आणि पैसे घेतले. गाडी मित्राची, देवळाली कॅम्पातल्या एका बंगल्याच्या गॅरेजमधून निघालेली. १९४०च्या दशकातली ब्रिटिश, दोन आसनी, १९ इंची तारांच्या चाकांची. ते ठिगळ इगतपुरीपर्यंतही पोचलं नाही.

अशा वेळी आपण सवयीने रस्त्याला शिव्या देतो. या खेपेला रस्ता निर्दोष होता. हे पंक्चर जिथून येतं ती गोष्ट मोटारीपेक्षा जुनी आहे, आणि ती सायकलीची आहे.

बैलगाडीचं चाक सगळ्यांनी पाहिलंय. तुंबा, त्यात ठोकलेले लाकडी आरे, बाहेरून लोखंडी धाव. तिथे गाडीचं वजन खालच्या आऱ्यांवर उभं असतं. तारांच्या चाकाचं गणित वेगळं. बारीक तार वजनाखाली उभी राहू शकत नाही, पण ओढ मात्र जबरदस्त सोसते. म्हणून सगळ्या तारा आधीच ताणून ठेवायच्या आणि तुंबा त्या ताणावर तोलायचा. ही कल्पना इंग्लंडमधल्या जॉर्ज केली यांनी १८०८ साली मांडली, तीही विमानासाठी हलकं चाक हवं म्हणून. विमान उडायला अजून जवळजवळ शंभर वर्षं होती. कॉव्हेंट्रीच्या जेम्स स्टार्ली यांनी ते सायकलीत रुळवलं, आणि १८७४ मध्ये तारा सरळ न लावता तुंब्याला तिरक्या, एकमेकींना छेद देत लावल्या. पायडलचा जोर चाकाला पिळायला बघतो, तो या तिरक्या तारा झेलतात. पुढे इंजिनाचा आणि ब्रेकचा जोरही त्यांनीच झेलला.

आता दोषाकडे. तार ताणायची तर तिच्या टोकाला आटे आणि त्यावर निपल, म्हणजे तार आवळायचा बारीक नट, लागतं. निपलचं डोकं रिमच्या आतल्या खोबणीत बसतं, म्हणजे नेमकं ट्यूबच्या पोटाखाली. चाक लचकलं की कारागीर निपल फिरवून तारा आवळतो. आवळली की तार निपलमधून वर सरकते. दर आवळणीला अर्धा मिलिमीटर म्हटलं तरी काही वर्षांत तारेचं टोक निपलच्या डोक्याबाहेर दातासारखं डोकावायला लागतं. एका चाकात अशी ४८पासून ७२पर्यंत टोकं.

सायकलीवर हवेचा टायर आला तेव्हाच हा दात जाणवला असणार. हवेच्या टायरचं पेटंट रॉबर्ट थॉमसन यांनी १८४५ मध्ये घेतलं होतं, पण ते विस्मरणात गेलं. बेलफास्टमधले जनावरांचे डॉक्टर जॉन बॉइड डनलॉप यांनी १८८८ मध्ये मुलाच्या तीनचाकीसाठी तोच शोध पुन्हा लावला. मिशलँ बंधूंनी १८९१ मध्ये रिमवरून सुटणारा टायर काढला. तोपर्यंत पंक्चर काढणं म्हणजे चिकटवलेला टायर उचकटणं होतं. तेव्हाच्या ट्यूब नैसर्गिक रबराच्या, त्यातून हवा तशीही झिरपायची. हवा धरून ठेवणारं ब्यूटाइल रबर १९३७ साली आलं.

इथे एक मजेदार वळण आहे. पंक्चर टाळता येत नाही तर निदान चाक पटकन बदलता यावं, असा विचार पुढे गेला. वेल्समधल्या लानेली गावात १९०४ साली डेव्हिस बंधूंनी एक आरे नसलेली रिम तयार केली, तिच्यावर फुगवलेला टायर. पंक्चर झालेल्या चाकावर ती बाहेरून कसायची आणि घर गाठायचं. त्यांच्या रस्त्याचं नाव स्टेपनी स्ट्रीट. आपण आजही डिकीत ठेवतो ती स्टेपनी तिथून आली. खुद्द इंग्रजांनी हा शब्द टाकून दिला, आपण मात्र सांभाळला!

१९०८च्या सुमारास रज-व्हिटवर्थ या सायकल कंपनीने त्याहून पुढचं पाऊल टाकलं. तुंब्याच्या आत खाचा, मधोमध एकच मोठा नट. तांब्याच्या हातोड्याचे चार ठोके मारले की अख्खं चाक बाहेर. शर्यतीच्या मैदानावर हे वरदानच ठरलं, आणि पुढची पन्नास वर्षं वेगवान गाडी म्हणजे तारांची चाकं हे समीकरण झालं. पण माझ्या मते पंक्चरकडे दुर्लक्ष व्हायला सुरुवातही इथेच झाली. चाक इतकं सहज निघतंय म्हटल्यावर रिमच्या आत डोकावतं कोण?

मग टायरची वाट वेगळी झाली. अमेरिकेत गुडरिचने १९४७ मध्ये ट्यूबलेस टायर जाहीर केला. पत्र्याच्या दाबलेल्या चाकावर तो चपखल बसतो. तारांच्या रिमला पन्नास-सत्तर भोकं, तिथे हवा टिकणार कशी? तरी जॅग्वार ई-टाइप १९६१ मध्ये ७२ तारांची चाकं मिरवत आली, आणि आत ट्यूब होतीच.

आपल्याकडे तर हे ज्ञान मधेच तुटलं. १९५३ मध्ये सरकारने ठरवलं की ज्यांना इथे गाडी बनवायची आहे त्यांनीच राहावं, नुसती जोडणी करणाऱ्यांनी जावं. जनरल मोटर्स, फोर्ड निघून गेल्या. पुढे रस्त्यावर मुख्यतः उरल्या अँबॅसडर आणि फियाट, दोघींची चाकं पत्र्याची. मोटारीच्या पंक्चरवाल्यांच्या दोन-तीन पिढ्यांनी तारांचं चाक हातात धरलंच नाही.

आज नवा घोळ असा की जुन्या मापाचा टायर शोधताना हाती लागतो तो बहुतेक ट्यूबलेस रेडियल, आणि आपण त्यात ट्यूब घालतो. हा टायर आतून गुळगुळीत नसतो. त्यात बारीक रेघा असतात, कधी कंपनीचं कागदी लेबलही चिकटलेलं असतं. रेडियलची बाजू चालताना जास्त लवते, ट्यूब आत घासत राहते, गरम होते. त्यात हवा कमी असेल तर टायर रिमवर सरकतो, ट्यूबला सोबत ओढतो आणि व्हॉल्व्हचं मूळ फाटतं. मोठ्या मापाची ट्यूब कोंबली तर घडी पडते आणि घडीवरच भोक. म्हणजे बाहेरून एकसारखी दिसणारी पंक्चरं तीन-चार वेगळ्या आजारांची असू शकतात. ती ओळखायची सोपी रीत म्हणजे टायर काढण्याआधी व्हॉल्व्हसमोर टायरवर खडूने खूण करायची. मग भोक व्हॉल्व्हपासून किती अंतरावर, पोटाशी की पाठीशी, हे पाहिलं की रिमवर किंवा टायरमध्ये बोट नेमकं कुठे ठेवायचं ते कळतं. पाठीवर भोक असेल तर बाभळीचा काटा शोधा. पोटाशी असेल तर तारेचं टोक, गंज किंवा निपलं झाकायला रिममध्ये घातलेली पट्टी सरकलेली.

पट्टीचंच तर सगळं आहे. आग्रा रोडवर आडगाव नाक्यापासून विल्होळीपर्यंत ट्रकच्या टायरवाल्यांना हे पक्कं ठाऊक आहे. ट्यूबवाल्या टायरखाली ते फ्लॅप, म्हणजे जाड रबरी पट्टा घातल्याशिवाय हवा भरत नाहीत. मित्राच्या रिममध्ये काय निघालं? वायरमनची काळी टेप. एप्रिलच्या उन्हात तिचा डिंक वितळून ती एका बाजूला गोळा झाली होती आणि अर्धी निपलं उघडी पडली होती.

शेवटी पंचवटीतल्या एका सायकलवाल्याकडे गेलो. त्याने चाकाचं कौतुक केलं नाही की गाडी कुठली विचारलं नाही. टेप ओरबाडून काढली, चिमूटभर कापूस घेतला आणि खोबणीतून हळूहळू फिरवत नेला. व्हॉल्व्हच्या भोकापासून हातभर अंतरावर कापसाचा तंतू अडकून लोंबला. आणखी दोन ठिकाणी तसंच झालं. तिन्ही टोकांवर कानस, गंजावर पॉलिश पेपर, वर जुन्या ट्यूबमधून कापलेला अखंड रबरी पट्टा, मग टायरच्या आत शंखजिरं. ट्यूब फुगवली, पूर्ण हवा सोडली, घड्या निघाल्यावर पुन्हा भरली. "बाकीची तीन चाकं पण आणा," तो म्हणाला, आणि कापसाची चिमूट टेबलाच्या कडेला ठेवून दिली.