पायात ताकद नाही आणि रक्ताचाही आजार: मुंबईत दिव्यांग प्रमाणपत्र काढताना

जिना चढताना गुडघा अचानक दगा देतो, तळव्यांना मुंग्या येतात, पायातली चप्पल निसटून मागे राहिली तरी कळत नाही. त्यात रक्ताचा आजार आधीपासूनचा. अशा रुग्णाचा दिव्यांग प्रमाणपत्राचा अर्ज एकाच प्रकारात भरला, म्हणजे नुसते रक्त किंवा नुसते पाय दाखवले, की दिव्यांगत्वाची हक्काची टक्केवारी हातची जाते.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये २१ प्रकार आहेत. रक्ताचे त्यात तीनच: हिमोफिलिया (रक्त नीट न गोठणे), थॅलेसेमिया आणि सिकलसेल (दोन्ही हिमोग्लोबिनचे आनुवंशिक आजार). बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, प्लेटलेट कमी असणे, रक्तात असामान्य प्रथिन सापडणे हे आजार कितीही त्रासदायक असले तरी या यादीत नाहीत. पण त्यांच्यामुळे नसा खराब होऊन चालणे बिघडले असेल, तर चलनवलनाच्या (हातपायांच्या हालचालीच्या) दिव्यांगत्वाखाली अर्ज करता येतो. तिथे आजाराच्या नावापेक्षा पाय किती काम करतो हे पाहिले जाते.

यादीतल्या तीन आजारांपैकी एक असेल आणि पायही अधू असतील, तर दोन्ही प्रकार निवडावेत. दोन टक्केवारींची सरळ बेरीज होत नाही. मोठ्या आकड्यात, लहान आकडा गुणिले (९० वजा मोठा आकडा) भागिले ९० एवढी भर पडते. समजा पायांचे ३० आणि रक्ताचे २१ टक्के निघाले, तर एकत्रित ४४ होतात. सुटे धरले तर दोन्ही ४० च्या खाली, आणि बहुतेक सवलतींची सीमारेषा ४० टक्केच आहे.

प्रमाणपत्रावर कोणता प्रकार छापला जातो, हेही तितकेच महत्त्वाचे. सरकारी नोकरीतले ४ टक्के आरक्षण ज्या गटांना आहे त्यात चलनवलन आहे, रक्तविकार नाही. सरकारी आणि अनुदानित संस्थांतल्या उच्च शिक्षणाचे किमान ५ टक्के आरक्षण मात्र ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्या सगळ्या प्रकारांना लागू आहे. म्हणून नोकरीच्या वयातल्या मुलाच्या अर्जात पायांची तपासणी राहून जाता कामा नये.

अर्ज केंद्र सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर ऑनलाइन करायचा. आधार, सहा महिन्यांच्या आतला फोटो, सही किंवा अंगठ्याचा ठसा, पत्त्याचा पुरावा आणि वैद्यकीय कागद स्कॅन करून ठेवा. मोबाइल नंबर स्वतःचा किंवा घरातल्याचाच द्या, सायबर कॅफेवाल्याचा नको; ओटीपी आणि पुढचे संदेश त्यावरच येतात. जिल्हा निवडताना सांभाळा. मुंबई शहर आणि मुंबई उपनगर हे वेगळे जिल्हे आहेत. दादर शहरात येते, वांद्र्यापासून पुढे उपनगर. उपचार परळला चालू असले तरी पत्ता कल्याणचा असेल तर जिल्हा ठाणे, वसईचा असेल तर पालघर. रुग्णालयाची यादी निवडलेल्या जिल्ह्याप्रमाणे उघडते. जेजे, केईएम, सायन, नायर, कूपर अशा मोठ्या रुग्णालयांत बोर्ड, म्हणजे दिव्यांगत्व तपासणारे डॉक्टरांचे मंडळ, बसते. हाजीअलीची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्था चलनवलनाच्या तपासणीसाठी ओळखली जाते. अर्ज गेला की नोंदणी क्रमांकाची पावती छापून ठेवा आणि बोर्डाचा वार रुग्णालयात विचारूनच निघा.

आता कागदांबद्दल, कारण घोटाळा इथेच होतो. हिमोफिलियासाठी फॅक्टरची (रक्त गोठवणाऱ्या प्रथिनाची) पातळी दाखवणारा रिपोर्ट लागतो. सिकलसेल आणि थॅलेसेमियासाठी एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणारी रक्ततपासणी), आणि तोही रक्त चढवण्याआधीचा. रक्त चढवल्यानंतर काढलेल्या नमुन्यात दात्याचे हिमोग्लोबिन मिसळलेले असते आणि आकडे फसवे येतात. लहानपणीचा पहिला रिपोर्ट पिवळा पडला असला तरी जपून आणा.

पायांसाठी मज्जातंतू तज्ज्ञांची टिपण, एनसीव्ही (नसांतून संदेश किती वेगाने जातो याची तपासणी) आणि गरजेप्रमाणे मणक्याचा एमआरआय. एनसीव्ही त्वचेवर पट्ट्या लावून होते. ईएमजी या स्नायूंच्या तपासणीत मात्र स्नायूत सुई जाते, तेव्हा हिमोफिलिया किंवा कमी प्लेटलेट असल्याचे तंत्रज्ञाला आधीच सांगा, आणि रक्ताच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती करू नका. कारण लिहिलेली टिपण सर्वांत मोलाची. हिमोफिलियात कमरेच्या आतल्या स्नायूत रक्तस्राव होऊन मांडीची नस दाबली जाऊ शकते. थॅलेसेमियात मणक्याजवळ रक्त बनवणाऱ्या पेशींची गाठ वाढून मज्जारज्जूवर दाब येऊ शकतो. सिकलसेलमध्ये पक्षाघात होऊ शकतो. “पायात अशक्तपणा” एवढेच लिहिलेला कागद बोर्डाला थकवा वाटू शकतो. कोणत्या स्नायूची ताकद पाचपैकी किती, हे टिपणीत आलेच पाहिजे.

बोर्डापुढे सपाटीवर आणि जिन्यावर चालणे, एका पायावर उभे राहणे, उकिडवे बसणे, मांडी घालणे, वळणे हे तपासले जाते. रोज काठी किंवा पायाला आधाराचा पट्टा वापरत असाल तर सोबत न्या. डॉक्टरांसमोर उगाच जोर लावून नीट चालून दाखवण्याची गरज नाही. रोज जसे चालता तसेच चाला.

उपचाराने सुधारणा होण्यासारखी असेल, उदाहरणार्थ बी-१२ ची इंजेक्शने नुकतीच सुरू झाली असतील, तर बोर्ड थांबायला सांगते किंवा मुदतीचे प्रमाणपत्र देते. त्यावरची तारीख पाहून ठेवा आणि ती उलटण्याआधी फेरतपासणीचा अर्ज करा. प्रमाणपत्रासोबत मिळणाऱ्या दिव्यांग ओळखपत्राचा (यूडीआयडी कार्डाचा) रंग टक्केवारी सांगतो: ४० च्या खाली पांढरा, ४० पासून ८० च्या आत पिवळा, ८० पासून पुढे निळा.

नकार आला तर कारण लेखी मागा, तोंडी उत्तरावर परतू नका. निर्णयाच्या तारखेपासून ९० दिवसांत अपील करता येते. अपिलासोबत जुनेच कागद पुन्हा जोडण्यापेक्षा, नकाराच्या पत्रात जे कारण दिले आहे त्यावर बोलणारी तज्ज्ञांची नवी टिपण जोडा.