शिक्षा, शालेय (सातारा-सांगली)

शाळेत शिस्तीच्या नावाखाली मुलाला दिला जाणारा शारीरिक किंवा मानसिक त्रास. छडी, हातावर पट्टी, उठाबशा, अंगठे धरणे, कोंबडा करणे हे प्रकार सर्वपरिचित आहेत.

‘शिक्षा’ या शब्दाचा उगम वादग्रस्त आहे. धातुपाठात (संस्कृत धातूंच्या पारंपरिक यादीत) ‘शिक्ष विद्योपादाने’, म्हणजे ‘शिक्ष’ : विद्या घेणे, असा स्वतंत्र धातू दिला आहे. आधुनिक भाषाभ्यासक मात्र तो ‘शक्’ (समर्थ असणे) या धातूचे इच्छार्थक रूप मानतात, आणि ‘समर्थ होऊ पाहणे’ हा त्याचा मूळ अर्थ ठरवतात. हे मत अधिक ग्राह्य वाटते. सहा वेदांगांपैकी ‘शिक्षा’ हे उच्चारशास्त्र होय. तेथे दंडाचा लवलेश नाही. मराठीत हा शब्द दंडाकडे केव्हा वळला, हे नेमके सांगणे कठीण आहे. ‘धडा शिकवणे’ या वाक्प्रचारात शिकवणे आणि अद्दल घडवणे एकत्र आले आहे. त्यावरून हे वळण मराठीतच घडले असावे, असे म्हणता येते. परंतु कन्नडमध्येही ‘शिक्षण’ म्हणजे विद्या आणि ‘शिक्षे’ म्हणजे दंड अशीच जोडी आहे, तेलुगू व मलयाळममध्येही दंडार्थ रूढ आहे, तर हिंदी-बंगालीत मुख्य अर्थ विद्येचाच राहिला. त्यामुळे दक्षिणेकडील भाषांशी सामायिक वळणाचा तर्क अधिक संभाव्य दिसतो. सांगली जिल्ह्याच्या जत तालुक्यात मराठी व कन्नड दोन्ही माध्यमांच्या शाळा आहेत. तेथील मुलाला दोन्ही भाषांत या शब्दाची भीतीच वाटते.

मुलाला होणारी इजा केवळ छडीची नसते, याचा ठळक दाखला साताऱ्याचाच आहे. 7 नोव्हेंबर 1900 रोजी भीमराव आंबेडकर राजवाड्यातील सरकारी शाळेत (आजचे प्रतापसिंह हायस्कूल) दाखल झाले. वर्गात वेगळे बसणे, बसायचे गोणपाट घरून ने-आण करणे, शिपाई नसेल तर तहानलेले राहणे, असे त्यांनी शालेय जीवनाविषयी पुढे लिहिले. या आठवणी साताऱ्याच्या वास्तव्यातल्या मानल्या जातात. त्यांतील कोणती नेमक्या कोणत्या वर्गातील, हे निश्चित करता येत नाही. राज्यात 2017 पासून 7 नोव्हेंबर हा विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. 1924 मध्ये भाऊराव पाटील यांनी याच गावात वसतिगृह काढले व सर्व जातींच्या मुलांना एका पंगतीत बसवले. त्या अपमानाला दिलेले हे सर्वांत भरीव उत्तर होय.

कायद्याची स्थिती थोडी गुंतागुंतीची आहे. 1986 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शारीरिक शिक्षा वर्ज्य ठरवली, पण त्यास कायद्याचे बळ नव्हते. 1 एप्रिल 2010 पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 ने शारीरिक शिक्षा व मानसिक छळ दोन्ही प्रतिबंधित केले. उल्लंघनाबद्दल कारवाई सेवानियमांनुसार होते : जिल्हा परिषद शिक्षकांना 1964 चे शिस्त व अपील नियम, खाजगी संस्थांतील शिक्षकांना 1981 ची नियमावली. शिक्षण हक्क कायदा 6 ते 14 वयोगटापुरता असल्याने आठवीनंतरच्या मुलांसाठी बाल न्याय अधिनियम, 2015 मधील क्रूरतेविषयीच्या कलम 75 चा आधार घ्यावा लागतो. दंडसंहितेत बारा वर्षांखालील मुलाच्या हितासाठी सद्भावनेने केलेल्या कृतीला पूर्वी कलम 89 चे संरक्षण होते, ते नव्या भारतीय न्याय संहितेतही राहिले आहे. बचाव पक्ष त्यावर बोट ठेवतो. तथापि कलम 17 च्या स्पष्ट शब्दांपुढे तो युक्तिवाद टिकू नये.

लैंगिक अत्याचाराबाबत 2012 च्या पॉक्सो (लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण) कायद्याचे कलम 19 लागू होते. अशा गुन्ह्याची माहिती मिळालेल्या प्रत्येकाला, मग तो शिक्षक असो की शिपाई, पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. संस्थेची बदनामी होईल म्हणून गप्प बसणे हा कलम 21 नुसार गुन्हा आहे. हाताखालच्या व्यक्तीचा गुन्हा लपवणाऱ्या संस्थाप्रमुखास एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

शाळांत तक्रारपेटी व मुलामुलींच्या सुरक्षिततेसाठी ‘सखी सावित्री’ समिती अपेक्षित आहे. सावित्रीबाई फुले यांचे जन्मगाव नायगाव सातारा जिल्ह्यातच, खंडाळा तालुक्यात आहे. तातडीची मदत 1098 या क्रमांकावर मिळते. शिक्षण हक्क कायद्याखालील लेखी तक्रारीवर स्थानिक प्राधिकरणाने तीन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो. त्यावर अपील राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे करता येते.