टीडीपी-४३ : एचआयव्हीच्या लॅबमध्ये सापडलेलं प्रोटीन एएलएसपर्यंत कसं आलं

आमच्या शेजारच्या काकांना एक दिवस शर्टाचं वरचं बटण लावता येईना. मानेची शीर दबली असेल म्हणून सहा-सात महिने त्याचेच उपचार चालले आणि मग न्यूरॉलॉजिस्टने नाव सांगितलं, मोटर न्यूरॉन डिसीज, म्हणजे एएलएस, स्नायू हलवणाऱ्या मज्जापेशी मरत जाण्याचा आजार. तेव्हापासून मिळेल ते वाचतोय आणि फिरून फिरून एकच नाव समोर येतं, टीडीपी-४३. याची गोष्ट सांगावीशी वाटते कारण ती मेंदूपासून सुरूच होत नाही.

१९९५ साली अमेरिकेत डॅलसला एचआयव्हीवर काम चालू होतं. त्या व्हायरसच्या जीनोममध्ये टार नावाचा एक भाग असतो, त्याच्या डीएनएला आपल्या पेशीतलं कोणतं प्रोटीन चिकटतं हे शोधताना हे हाती लागलं. टार डीएनएला चिकटतं म्हणून टीडीपी, वजन ४३ किलोडाल्टन (रेणूंचं वजन मोजायचं एकक) म्हणून ४३, पडलं नाव. पुढे २००१ मध्ये इटलीत ट्रिएस्टला बुराट्टी आणि बराले यांना ते पुन्हा भेटलं, यावेळी सिस्टिक फायब्रोसिस या फुप्फुसांच्या आनुवंशिक आजाराच्या जीनवर. तिथे कळलं की हे प्रोटीन स्प्लायसिंगमध्ये हात घालतं. म्हणजे कसं, जीनवरून आरएनएची कॉपी निघते तेव्हा कामाच्या तुकड्यांमध्ये बिनकामाचे लांबलचक पट्टे असतात, ते कापून उरलेलं जोडावं लागतं, आणि यूजीयूजी अशी अक्षरं ओळीने दिसली की टीडीपी-४३ तिथे जाऊन बसतं आणि शेजारचा तुकडा ठेवायचा की गाळायचा हे त्यावर ठरतं. त्या जीनमध्ये ते नववा एक्सॉन, म्हणजे नववा कामाचा तुकडा, गाळायला लावत होतं.

तोपर्यंत मेंदूच्या आजारांशी याचा संबंध कोणी जोडला नव्हता.

तिकडे एएलएस आणि फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शियाने गेलेल्या पेशंटच्या मज्जापेशींत गोळे दिसायचे. मोडीत काढायच्या प्रोटीनवर पेशी युबिक्विटिनचा शिक्का मारते, तो शिक्का त्यांच्यावर होता पण आत नेमकं काय आहे ते कळत नव्हतं, अल्झायमरमध्ये साचणारं टाऊ नाही, पार्किन्सनमध्ये साचणारं अल्फा-सिन्युक्लिन नाही. २००६ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात व्हर्जिनिया ली आणि जॉन ट्रोजानोव्स्की यांच्या लॅबमधून मानुएला नॉयमन आणि सहकाऱ्यांनी उत्तर दिलं, टीडीपी-४३. त्याच वर्षी जपानमधल्या टीमनेही तेच सांगितलं. हातपाय निकामी करणारा आजार आणि स्वभाव-भाषा पालटून टाकणारा आजार, दोन्हीत तेच प्रोटीन! एएलएसच्या जवळपास ९७ टक्के पेशंटमध्ये ते सापडतं, एसओडी१ किंवा एफयूएस जीनमुळे होणारा एएलएस हा अपवाद.

यातले मायक्रोस्कोपखालचे फोटो एकदा तरी बघा. निरोगी पेशीत केंद्रक गडद रंगलेलं असतं कारण टीडीपी-४३ ची जागाच ती, आणि आजारी पेशीत बाहेर गोळा साचलेला आणि केंद्रक फिक्कं, रिकामं. मला ते रिकामं केंद्रकच जास्त महत्त्वाचं वाटतं, आपण सगळे गोळ्याकडेच बघत बसतो.

२००८ मध्ये काही एएलएस पेशंटमध्ये या प्रोटीनच्याच जीनमध्ये, टीएआरडीबीपीमध्ये, बिघाड सापडले आणि हा नुसता आजारानंतर साचलेला कचरा नाही हे पक्कं झालं. मग २०१५ मध्ये जॉन्स हॉपकिन्सच्या लोकांनी दाखवलं की केंद्रकातून टीडीपी-४३ गेलं की जे तुकडे आरएनएत यायलाच नकोत ते घुसतात. तांदूळ निवडणारं माणूस उठून गेलं की खडे भाताबरोबरच शिजतात ना, अगदी तसंच. असाच खडा २०१९ मध्ये एसटीएमएन२ या जीनमध्ये सापडला, ज्याचं प्रोटीन नसा पुन्हा वाढण्यासाठी लागतं, आणि २०२२ मध्ये यूएनसी१३ए या जीनमध्ये, ज्यावर एका न्यूरॉनमधून पुढच्याला निरोप जाणं अवलंबून असतं. त्यामुळे आता घुसलेला खडा अडवून एसटीएमएन२ परत चालू करता येईल का यावर औषधं शोधणं सुरू आहे.

टीडीपी-४३ बिघडलंय हे खात्रीने कळायला इतकी वर्षं मृत्यूनंतर मेंदू तपासावा लागायचा. २०२४ मध्ये अशा घुसलेल्या तुकड्यातून बनलेलं प्रोटीन जिवंत माणसाच्या पाठीच्या पाण्यात आणि रक्तात पकडता आलं, आणि एएलएस होऊ शकणारा सी९ओआरएफ७२ या जीनचा बिघाड घेऊन जगणाऱ्या काही जणांमध्ये तर लक्षणं सुरू व्हायच्याही आधी, म्हणजे शर्टाचं बटण अजून नीट लागत असतानाच.