मसाल्याची बरणी हलकी करायची म्हणजे नेमकं काय करायचं?

गोव्यात फोंड्याकडच्या कुळागरांबाहेरची, म्हणजे सुपारी-मसाल्याच्या बागांबाहेरची, दुकानं घ्या नाहीतर कळंगुटच्या रस्त्यावरची, मसाला विकायची हल्ली एक ठरलेली स्टाईल झालीये. चौकोनी काचेची बरणी, जाडजूड बूड, वर लाकडाचं नाहीतर बुचाचं झाकण, आत मिरी किंवा दालचिनी, आणि लेबलवर एक हिरवं पान. दिसायला मस्तच, त्यात वाद नाही. पण शंभर मिलीच्या बरणीत मिरी भरली तर मावते साधारण ५०-५५ ग्रॅम, आणि नुसती काच भरते शंभर ग्रॅमच्या वर, म्हणजे आपण मसाल्यापेक्षा काचच जास्त विकत घेतो, आणि ती काच भट्टीपासून दुकानापर्यंत ट्रकने आलेली असते आणि पुढे पाहुण्याच्या बॅगेत बसून विमानाने जाते. काच आहे म्हणजे झालं पर्यावरणाचं भलं, इतकं सोपं नाहीये ते. मसाल्याला काच उत्तमच, पण ती हलकी हवी, गोल हवी आणि झाकण धड हवं.

आधी काचच का, ते बघू. मसाल्याचा वास म्हणजे त्यातली उडून जाणारी तेलं. मिरीत, तिरफळात, वेलचीत ही तेलं असतात आणि त्यातल्या बऱ्याचशांना, लिमोनिन वगैरेंना, प्लॅस्टिकमध्ये विरघळायला फार आवडतं. पॉलिथिनच्या पिशवीत ठेवलेल्या मसाल्याचा वास थोडा हवेत जातो आणि थोडा चक्क पिशवीच्या अंगात मुरतो. तिरफळं ठेवलेला प्लॅस्टिकचा डबा कितीही घासा, पुढचे कित्येक दिवस त्यात साखर ठेवायची सोय नसते, हे बांगड्याचं हुमण खाणाऱ्या घरात वेगळं सांगायला नको. काचेत हे होत नाही, तिच्यातून ऑक्सिजन जात नाही, वाफ जात नाही, तेल शिरत नाही. आणि गोव्यात वाफेचा मुद्दा मोठा. मे महिन्यात पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्यासाठीच्या साठवणीची, खरेदी करून ठेवलेली हरमलची मिरची जून-जुलैच्या ८०-९० टक्के दमट हवेत उघडी राहिली की आधी मऊ पडते, मग रंग उतरतो, मग बुरशी. मिरचीवर येणाऱ्या काही बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करतात आणि ते शिजवल्यानेही धड जात नाही.

आता काच बनते कशी. बाटल्या-बरण्यांची काच म्हणजे साधारण ७०-७४ टक्के सिलिका, उरलेल्यात मुख्यतः सोडा आणि चुना. नुसती सिलिका वितळवायची तर १७०० अंशांच्या पुढे जावं लागतं, सोडा घातला की ते तापमान खाली येतं, पण नुसता सोडा घातलेली काच पाण्यात विरघळते म्हणून मग चुना. तरीसुद्धा भट्टी १५०० अंशांच्या आसपास ठेवावी लागते, आणि ती वर्षानुवर्षं बंद करत नाहीत, दिवाळी असो की चतुर्थी. (आपल्या किनाऱ्यावर एवढी वाळू पडलीये तरी ती चालत नाही, तिच्यात शिंपल्यांचा चुरा आणि लोह, आणि लोह जरा जास्त झालं की काच हिरवट होते. या लाल मातीच्या मुलखात लोह कुठे नाही सांगा.) इंधनाचा धूर बाजूला ठेवा, सोडा अ‍ॅश (हाच तो वरचा सोडा) आणि चुनखडी तापल्यावर त्यांच्या आतूनच कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, एक किलो नव्या काचेमागे साधारण १५० ते २०० ग्रॅम. भट्टी उद्या पूर्ण विजेवर नेली तरी हा हिस्सा राहतोच. जुनी फोडलेली काच घातली तर मात्र तो वायू आधीच निघून गेलेला असतो, आणि दर १० टक्के जुन्या काचेमागे ऊर्जाही अडीच-तीन टक्के वाचते.

म्हणून वजन. एक गोल बरणी धरा, व्यास साडेचार सेंटीमीटर, उंची नऊ. बाजू आणि बूड मिळून पृष्ठभाग होतो साधारण १४३ चौरस सेंटीमीटर. काचेची जाडी सरासरी ३ मिलिमीटर आणि घनता पाण्याच्या अडीचपट धरली तर वजन आलं १०७ ग्रॅम. जाडी २ मिलिमीटरवर आणली की ७२ ग्रॅम. एक मिलिमीटर कमी केला आणि तिसरा हिस्सा काच वाचली, म्हणजे तेवढी वाळू, तेवढी उष्णता, तेवढं डिझेल. बूड जाड ठेवायचं कारण तर बहुतेक वेळा फक्त हातात 'भारी' वाटावं एवढंच असतं.

मग सगळेच पातळ का करत नाहीत? कारण सोड्याच्या बाटलीला आतून दाब सोसायचा असतो, गरम भरलेल्या जॅम-लोणच्याच्या बरणीला तापमानाचा धक्का आणि थंड झाल्यावर आतली पोकळी. सुक्या मसाल्याला यातलं काहीच नाही! कारखान्यात एकमेकींवर आपटणं, खोक्यावर खोका रचल्याचा भार आणि हातातून निसटणं, एवढंच. आणि दाबाखाली काच तशी फारच दणकट असते, तुटते ती ताणल्यावर. तेव्हा हलकी करायला मसाल्याची बरणी हाच सगळ्यात सोपा उमेदवार, आणि तरी आपण तीच सगळ्यात जाड करून ठेवलीये. त्यातून चौकोनी. गरम काच फुगवताना कोपऱ्यापर्यंत ताणली जाते आणि तिथे पातळ पडते, म्हणून कोपरा सांभाळायला सगळीकडेच जास्त काच घालावी लागते. गोल आकारात काच सारखी पसरते आणि धक्काही वाटून जातो.

पातळ करायची युक्ती मुळात 'सारखी' करण्याची आहे. जुन्या पद्धतीत वितळलेल्या काचेचा गोळा साच्यात पडला की हवा फुंकून पोकळी करायचे, त्यात भिंत एकीकडे जाड एकीकडे पातळ यायची, मग सगळ्यात पातळ जागा तरी टिकावी म्हणून एकूणच काच वाढवायची. दुसऱ्या पद्धतीत आधी धातूचा दट्ट्या आत दाबून पोकळी करतात आणि मग फुंकतात, काच बरीच समान बसते. रुंद तोंडाच्या बरण्यांना ही पद्धत जुनीच आहे, अरुंद तोंडाच्या बाटल्यांना ती नंतर जमली आणि बिअरच्या बाटल्या त्यामुळे पुष्कळ हलक्या झाल्या.

पण खरी गंमत पुढे आहे. हिशेबाप्रमाणे काच पोलादापेक्षा मजबूत असायला हवी, अणूंमधले बंध तेवढे घट्ट असतात. प्रत्यक्षात ती त्याच्या शंभराव्या हिश्श्यालाच फुटते. ए. ए. ग्रिफिथ या इंग्रज इंजिनिअरने १९२१ मध्ये याचं कारण मांडलं: काचेवर डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक भेगा असतात आणि सगळा ताण त्या भेगेच्या टोकाशी गोळा होतो. त्याने काचेचे ताजे ओढलेले तंतू ताणून बघितले, तंतू जितका बारीक तितका तो जाडीच्या मानाने मजबूत. काच कापणारा माणूस काच कापत नाही, नुसता ओरखडा मारतो आणि वाकवतो, तेच हे.

म्हणजे हलक्या बरणीला जाडी नको, ओरखड्यापासून संरक्षण हवं. म्हणून बरणी साच्यातून गरमागरम बाहेर आली की तिच्यावर टिन ऑक्साइडचा, डोळ्याला दिसणारही नाही इतका पातळ थर देतात, मग ती संथपणे थंड करतात आणि शेवटी पॉलिथिनच्या मेणासारख्या द्रवाचा फवारा. पहिला थर दुसऱ्याला धरून ठेवतो आणि दुसऱ्यामुळे बरण्या एकमेकींवर घासण्याऐवजी घसरतात. आपल्याकडे आणखी एक भानगड आहे, दमट हवा. भेगेच्या टोकाशी पाण्याचे रेणू पोचले की ताणाखाली असलेला सिलिकॉन-ऑक्सिजनचा बंध हळूहळू सुटत जातो, त्यामुळे तीच काच कोरड्या हवेत जास्त भार सोसते आणि पावसाळ्यात कमी. गोदामात ओल लागलेल्या नव्या बरण्यांवर पांढुरकी झाक येते तोही पाण्याचाच उद्योग, काचेतला सोडियम पृष्ठभागावर येऊन बसतो.

इथे एक पेच आहे. बरणी परत परत भरायची तर ती घासली जाणार, धुतली जाणार, ओरखडे वाढणार, आणि पातळ काचेला तेच झेपत नाही. म्हणून परत भरायच्या बाटल्या जाड करतात. पूर्व जर्मनीत यावर उत्तर सापडलं होतं, सुपरफेस्ट नावाचे ग्लास १९८० पासून तिथे बनत होते. तयार ग्लास पोटॅशियमच्या गरम क्षारात ठेवायचे, काचेतला छोटा सोडियम बाहेर येतो आणि त्याच्या जागी मोठा पोटॅशियम दाटीवाटीने घुसतो, पृष्ठभाग कायम दाबाखाली राहतो आणि भेग उघडायलाच मागत नाही. मोबाइलच्या स्क्रीनची काचही याच तत्त्वावर चालते. जर्मनीचं एकीकरण झालं त्या सुमारास, १९९० मध्ये, ते उत्पादन बंद पडलं. न फुटणारा ग्लास विकत घेऊन दुकानदाराचं काय भलं होणार, असं तेव्हा म्हणायचे म्हणतात.

एकदाच वापरून फेकायचं असेल तर मात्र कार्बनच्या हिशेबात रिकामी चार-पाच ग्रॅम भरणारी पाकीटं काचेला सहज हरवतात, ७२ ग्रॅमवाल्या बरणीलासुद्धा. पण त्या पाकिटात प्लॅस्टिक आणि अ‍ॅल्युमिनियमचे थर एकमेकांना चिकटवलेले असतात, ते वेगळे करणं कुणालाच परवडत नाही. त्यामुळे माझ्या मते सोय अशी असावी: दुकानात हलकी गोल बरणी एकदाच घ्यायची आणि मसाला नंतर मोठ्या डब्यातून सुटा भरून घ्यायचा. घरच्या घरी पाच-सहा वेळा भरली तर ७२ ग्रॅमची विभागणी दर वेळी १२-१५ ग्रॅमवर येते, आणि घरात बरण्या कारखान्यातल्यासारख्या आपटत नाहीत, तेव्हा पातळ काचही टिकते.

झाकणाचं राहिलं. काचेतून काही जात नाही म्हणजे जे जायचं ते झाकणातूनच. बुचाचं आणि लाकडाचं झाकण आपल्या पावसाळ्यात शोभेचं, लाकूड फुगतं, उन्हाळ्यात आकसतं, फट पडते. आत मऊ अस्तर असलेलं फिरकीचं पत्र्याचं झाकण दिसायला गरीब पण कामाला चोख. आणि कृपा करून उकळत्या कालवणावर बरणी उलटी करून मसाला शिंपडू नका, वाफ थेट आत जाते आणि हळदीचे खडे होतात. प्रकाशाचंही तसंच, हळदीतलं कुरकुमिन आणि मिरचीतला लाल रंग दोन्ही उजेडात विटतात. तपकिरी काच ४५० नॅनोमीटरच्या खालचा, म्हणजे जांभळ्या-निळ्या टोकाचा, प्रकाश जवळजवळ सगळा अडवते, पण बरणी कपाटात राहणार असेल तर साध्या काचेनेही भागतं.

रिकाम्या बाटल्यांची गोव्याला तशी कमतरता नाही. म्हापशाच्या बाजारात व्हिस्कीच्या धुतलेल्या बाटलीतून माडाचं व्हिनेगर आणि फेणी कधीपासून विकली जातेय. २०२४ मध्ये सरकारने विघटन न होणाऱ्या पॅकिंगसाठी डिपॉझिट परत देण्याची योजना अधिसूचित केली, तिच्यासारख्या व्यवस्थेत फुटकी काच रंगानुसार वेगळी जमली तर भट्टीला तिचा खरा उपयोग, कारण हिरवी-तपकिरी मिसळलेल्या काचेतून बिनरंगी बरणी होत नाही. भंगारवाल्याला काच देताना कपाच्या चिनीमातीचे तुकडे आणि ओव्हनमध्ये चालणाऱ्या भांड्याची काच तेवढी बाजूला काढा. ती त्या तापमानाला नीट वितळत नाही, नव्या बरणीत खड्यासारखी राहते, आणि पातळ बरणी नेमकी त्या खड्यापाशी तडकते.