लॅपटॉपची हार्ड डिस्क: उष्णता आणि आयुष्य यांच्या वादाची पार्श्वभूमी

लॅपटॉप तापला की त्याच्या हार्ड डिस्कचं आयुष्य घटतं का, हा जुना वाद आहे. ‘तापमान वाढलं की दर १० अंशांमागे आयुष्य निम्मं’ हा इलेक्ट्रॉनिक्समधला जुना ठोकताळा लॅपटॉपच्या अडीच इंची डिस्कलाही चिकटला. कपॅसिटर या वीज साठवणाऱ्या भागाला तो बऱ्यापैकी लागू पडतो. डिस्कचं बेअरिंग आणि माहिती साठवणाऱ्या तबकडीपासून काही नॅनोमीटरवर तरंगत ती वाचणारं-लिहिणारं हेड यांचा हिशेब मात्र वेगळा असतो.

२००७ साली एका मोठ्या इंटरनेट कंपनीने आपल्या लाखाहून जास्त डिस्कच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. उष्णतेबरोबर बिघाड सरसकट वाढताना दिसले नाहीत, उलट फार थंड राहिलेल्या डिस्क जास्त गेल्या. सर्वांत तापलेल्या आणि तीन वर्षांपुढच्या डिस्कमध्ये मात्र बिघाड वाढले होते. लोकांनी यातून ‘तापमानाने फरक पडत नाही’ एवढंच उचललं, आणि ते चुकलं. त्या डिस्क वातानुकूलित दालनात अखंड फिरत होत्या. लॅपटॉपची डिस्क तळहाताखालच्या चिंचोळ्या कप्प्यात बसते, दिवसातून अनेकदा तापते आणि निवते. तिची मर्यादा बहुतेक वेळा ५५ ते ६० अंश असते, आणि मांडीवर किंवा गादीवर ठेवलेला लॅपटॉप तिथवर सहज पोचतो.

खरा गोंधळ घातला तो हेड पार्किंगने. वीज आणि उष्णता वाचावी, धक्क्यात तबकडी ओरखडू नये, म्हणून काही डिस्क अवघ्या ८ सेकंदांच्या विश्रांतीनंतर हेड तबकडीबाहेरच्या उतरत्या आधारावर (रॅम्पवर) चढवू लागल्या. त्याच वेळी ऑपरेटिंग सिस्टिम दर अर्ध्या मिनिटाला लॉग (कामाची नोंद) लिहायची आणि त्यासाठी हेड पुन्हा तबकडीवर यायचं. म्हणजे मिनिटाला दोन, तासाला १२० पार्किंग. ३ लाख पार्किंगची हमी असलेली डिस्क २,५०० तासांत, रोज ८ तास वापरली तर वर्षाच्या आतच ती मर्यादा गाठायची. टकटक आवाज करत डिस्क बंद पडली की दोष उष्णतेवर जायचा.

लिनक्सवाल्यांनी एचडीपार्म या डिस्कची सेटिंग बदलणाऱ्या आज्ञेतून पॉवर मॅनेजमेंटची पातळी १२८ वरून २५४ वर नेली (आकडा मोठा, तेवढी वीजबचत कमी). पार्किंग थांबलं, पण डिस्क दोन-चार अंश जास्त तापू लागली. हा सौदा चार्जरवर एका जागी चालणाऱ्या यंत्रासाठी योग्यच आहे. प्रवासात चालू लॅपटॉप उचलणाऱ्याने तो करू नये, कारण धक्क्याच्या क्षणी हेड तबकडीवर असतं. शिवाय झोपेतून उठल्यावर बऱ्याच डिस्क हे मूल्य विसरतात, ते पुन्हा द्यावं लागतं.

म्हणून स्मार्टच्या, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीबद्दल ठेवते त्या नोंदीत १९४ क्रमांकाचं तापमान एकटं वाचू नये, शेजारी १९३ क्रमांकाचा, म्हणजे पार्किंगचा आकडा पाहावा. दोन्ही ठिकाणी कच्चं (रॉ) मूल्य घ्यावं. १९० क्रमांकाच्या नोंदीत काही डिस्क १०० मधून तापमान वजा करून दाखवतात. तिथला ५५ म्हणजे प्रत्यक्षात ४५ अंश. संपूर्ण डिस्कची कॉपी चालू असताना तासाभराने घेतलेला आकडा ५० च्या वर असेल, तर आधी पंख्याची जाळी साफ करावी.